काजूबोंड

काजूच्या बीला जोडलेला मांसल, रसाळ भाग. वनस्पतिशास्त्रानुसार खरे फळ म्हणजे टोकाला लटकणारी बी. बोंड हा तिचा फुगलेला देठ. सिंधुदुर्गात याला ‘बोंडू’ म्हणतात. पिकून गळलेल्या बोंडाची बी पिरगळून काढतात आणि बोंड बहुधा झाडाखालीच टाकून देतात. बोंडाचे वजन बीच्या सहा ते दहा पट भरते. म्हणजे एक टन बी विकणाऱ्या बागेत किमान सहा टन बोंडे कुजतात, आणि तीही संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असलेली. कोकणाला ही नासाडी परवडणारी नाही.

बोंडाची साल अगदी पातळ असते. गळल्यावर दिवसभरात ते आंबू लागते. शिवाय त्यातील टॅनिनमुळे घसा खवखवतो. यावरचा उपाय मात्र घरगुती आहे. रसात शिजवलेल्या साबुदाण्याची खळ ढवळून भांडे न हलवता ठेवतात. टॅनिन खळीसह तळाशी बसते, वरचा नितळ रस अलगद ओतून गाळतात. साखर व सायट्रिक आम्ल घालून त्याचे सिरप होते. गराचा जॅम व कँडी करतात. उरलेला चोथा वाळवून पशुखाद्यात किंवा तसाच गांडूळखतात जातो.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला. गोव्याने त्याच्या बोंडाचेही मोल ओळखले. तेथे बोंडे ‘कोळंबी’ नावाच्या कुंडात पायांनी तुडवतात. चोथ्याचा ढीग वेलीने आवळून वर दगड ठेवला की निथळतो तो नीरो. तुडवून निघालेला रस आंबवून भट्टीवर एकदा गाळला की हुर्राक होते, तीच पुन्हा गाळून फेणी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राच्या सुधारित जातींमुळे महाराष्ट्रात बीचे उत्पादन वाढले, त्याबरोबर बोंडांचेही. ही स्थिती केवळ कोकणातली नाही. छत्तीसगडातही बस्तर व जशपूर भागांत काजू होतो. तेथेही प्रक्रिया मुख्यतः बीवरच होते.

सकाळी वेचलेले, माती न लागलेले बोंड त्याच दिवशी पिळले गेले पाहिजे. त्यामुळे दूरचा मोठा कारखाना या फळाच्या कामाचा नाही. वाडीतच चालणारे छोटे रसयंत्र आणि वेचणाऱ्याच्या हाती पडणारी रास्त मजुरी, या दोन्ही गोष्टी आधी हव्यात.