उन्हाचे देणे आणि नाकाचे दुखणे

वाहत्या नाकाला आपण दुखणे मानीतच नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासणारा कारागीर सकाळी दहावीस शिंका देतो आणि ‘सर्दी आहे’ म्हणून कामाला लागतो. पण आता रामवाडीपर्यंत एक नवे निदान येऊन पोचले आहे : अंगात ‘ड’ जीवनसत्त्व कमी, म्हणून ही ॲलर्जी. यात तथ्य किती, हे कळण्यासाठी दोन्हींचा इतिहास तपासला पाहिजे.

प्रथम नाकाचा. 1819 साली लंडनचे डॉक्टर जॉन बॉस्टॉक यांनी दर उन्हाळ्यात स्वतःला होणाऱ्या नाकाडोळ्यांच्या विकाराची हकीकत मांडली. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवरच प्रयोग करून, गवताचे परागकण हे त्याचे कारण आहे, असे 1873 साली दाखविले. पण त्यांना एक कोडे पडले. पराग ज्याच्या नाकात सर्वांत अधिक जातात, त्या शेतकऱ्याला हा विकार क्वचित. शिकलेल्या, घरात बसणाऱ्या वर्गाला मात्र अधिक!

आता ‘ड’ जीवनसत्त्वाचा. धुराने काळवंडलेल्या युरोपीय शहरांत मुडदुसाने मुलांची हाडे वाकत. 1919 साली बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याने हा रोग बरा केला. 1922 साली अमेरिकेत मॅकॉलम यांनी कॉड माशाच्या तेलातील हाडे घडविणारे सत्त्व वेगळे असल्याचे सिद्ध केले. तेच हे ‘ड’. त्याच 1922 साली हचिसन आणि शहा यांची आपल्या नाशिककडील पाहणी प्रसिद्ध झाली. मुडदूस आढळला तो पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांतील मुलांत. उघड्यावर राबणाऱ्या गरिबांची मुले अन्न निकृष्ट असूनही त्यातून सुटलेली होती. ऊन हेच त्यांचे औषध ठरले.

म्हणजे दोन्ही विकार सावलीत बसणाऱ्याच्या दारी आले. मग एक दुसऱ्याचे कारण म्हणावे काय? 1983 साली रक्तातील रोगप्रतिकारक पेशींतही ‘ड’ जीवनसत्त्वाला प्रतिसाद देणारी यंत्रणा सापडली, तेव्हा ही शंका बळावली. 2007 साली बोस्टनच्या दोन संशोधकांनी दम्याच्या वाढीचा दोष या जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर ठेवला. परंतु 1966 साली उत्तर फिनलंडमध्ये जन्मलेल्या मुलांचा 31 व्या वर्षापर्यंत मागोवा घेतला, तेव्हा उलटेच दिसले. तान्हेपणी हे जीवनसत्त्व नियमित मिळालेल्यांत नाकाची ॲलर्जी अधिक होती! नंतरच्या पाहण्यांतही कौल एकसारखा नाही.

दोन गोष्टी जोडीने चालतात, एवढ्यावरून एक दुसरीची आई ठरत नाही. कोंदट खोलीतल्या माणसाला ऊन मिळत नाही, तसा धुळीपासून सुटकाराही मिळत नाही. 1964 साली हॉलंडमध्ये व्होरहॉर्स्ट आणि त्यांचे सहकारी यांनी घरातील धुळीतला सूक्ष्म किडा ॲलर्जीचे मूळ म्हणून पुढे आणला. दमट हवा त्याला मानवते, आणि कोकणात दमटपणाला काय तोटा?

उन्हाच्या देशातही ऊन सर्वांना मिळत नाही, हेही खरे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बहुसंख्य निरोगी तरुणांत ‘ड’ जीवनसत्त्व कमी आढळले. खाडीकाठच्या मिठागरात राबणाऱ्याच्या माथ्यावर दिवसभर ऊन असते. छपराखाली मूर्ती घासणाऱ्याला किंवा रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला ते कोठून मिळणार? ही त्याची हयगय नव्हे. कामाची रचनाच तशी आहे.

म्हणून कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या आम्हांला या निदानाची एकच भीती वाटते. रक्तात कमतरता दिसली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी जरूर घ्यावी; हाडांना तिची गरज आहेच. पण त्या गोळीच्या आड कारखान्यातली धूळ लपता कामा नये. धूळ जेथे उठते तेथूनच ती ओढून बाहेर टाकावी, ही जबाबदारी 1948 च्या कारखाने कायद्याच्या 14 व्या कलमाने मालकावर घातली होती. लहान छपरे मात्र त्या कायद्याच्या बाहेरच राहिली. तेथे मूर्ती ओली करून घासणे, हवा खेचणारा पंखा, नाकावर चांगली पट्टी आणि दिवसा उघड्यावर घालविण्याजोगी सुटी, एवढ्या चार गोष्टी मिळविता येतील. त्यांसाठी शास्त्राच्या अखेरच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.