परदेशचा कायदा आणि घरचा प्रश्न



कायद्याच्या शिक्षणावर बोलण्यासाठी ह्या शहरात वकील आणि प्राध्यापक पुष्कळ आहेत. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते मागावर, संघटनेच्या कचेरीत आणि वाचनालयात. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. ज्या प्रसंगामुळे आम्हाला हा इतिहास धुंडाळावा लागला तो प्रसंग आधी सांगतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत सकाळची पाळी सुटण्याच्या वेळी आम्ही चहाच्या टपरीवर उभे होतो. टॉवेलच्या एका कारखान्यात माग चालविणारे आमचे सभासद जवळ आले. केसांत सुताचे तंतू अडकलेले. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात, बाहेर मराठी. बायको विड्या वळते. ते म्हणाले, "अण्णा, पोरगी कायदा शिकतीय, तुम्हाला ठाऊकच आहे. आता म्हणतीय, सहा महिने जर्मनीला जाते. तिच्या विद्यापीठाचा तिकडच्या विद्यापीठाशी करार आहे म्हणे. तिकडची फी नाही, पण तिकिटाला अन् राहायला पैसे कमी पडतात. ते राहू द्या. मला एवढंच सांगा, तिकडचा कायदा शिकून हितं काय उपयोग?"

आम्ही उत्तर दिले नाही, कारण ते आमच्याजवळ नव्हते. पुढे त्यांचा अर्ज आला की, कमी पडणारी रक्कम संघटनेच्या मदतनिधीतून उसनी मिळावी. हा निधी आजारी सभासदांसाठी थेंब थेंब करून साठलेला. कार्यकारिणीच्या बैठकीत आम्ही स्वतः अर्जाच्या विरुद्ध बोललो, हे येथे कबूल केले पाहिजे. एक वयोवृद्ध सभासद तर म्हणाले, "कायदा शिकलेल्यांनीच आपल्याला आजवर बांधलंय. त्यात अजून एकाची भर कशाला?"

ह्या बोलण्यात काहीच तथ्य नाही असे सोलापूरकर तरी म्हणणार नाही. १९३० च्या मे महिन्यात ह्या शहरावर मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले, ते न्यायालयाचा निकाल हाती घेऊनच. ह्याच शहरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. गुन्हेगार जमातींच्या कायद्यांची परंपरा १८७१ पासूनची. त्या कायद्यांनी जन्मतःच गुन्हेगार ठरविलेली माणसे त्या कुंपणाआड हजेरी देत जगली. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. कायद्याचा हा चेहरा ज्यांनी पाहिला, त्यांनी काळ्या कोटावर सहज विश्वास ठेवावा कसा?

बैठक निर्णयाविना उठली. पुढचे काही आठवडे आम्ही एकाच प्रश्नामागे लागलो. आपल्याकडची माणसे परदेशी जाऊन कायदा शिकली, त्यांनी येताना काय आणले, आणि ते कोणाच्या पदरात पडले?

त्या काळी परदेश म्हणजे बहुतेक लंडनच. बॅरिस्टर व्हावयाचे तर लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन ह्या चार संस्थांपैकी एकीत नाव घालावे लागे. परीक्षा असेच, पण तिच्या जोडीला एक विलक्षण अट होती. दर सत्रात ठरावीक वेळा संस्थेच्या भोजनगृहात बसून जेवावे लागे. अशी बारा सत्रे, म्हणजे सुमारे तीन वर्षे, भरली की माणूस बॅरिस्टरीला पात्र. जो हे जेवण जेवून आला, त्याचा मान मुंबईच्या उच्च न्यायालयात देशी वकिलाहून मोठा. व्यापाऱ्यांचे आणि पेढ्यांचे मोठे दावे बहुधा त्याच्याकडे जात. स्वतंत्र भारतात १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने सर्व वकिलांचा एकच वर्ग केला, तेव्हा हा भेद गेला. तोवर विलायतेचे शिक्षण हा बहुतांशी पैशाचा आणि प्रतिष्ठेचा मामला होता. आमच्या वृद्ध सभासदांचा राग ह्या परंपरेवर होता, आणि तो रास्त होता.

पण त्याच वाटेने काही निराळी माणसेही गेली.

नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाल्या. विलायतेची शिष्यवृत्ती मिळावी एवढे गुण त्यांना होते. पण स्त्री म्हणून ती नाकारण्यात आली. इंग्लंडातल्या काही हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. १८९२ साली तेथल्या कायद्याच्या परीक्षेला त्या बसल्या. ह्या परीक्षेला बसणारी ही पहिलीच स्त्री. विद्यापीठाने परीक्षा घेतली, पदवी मात्र दिली नाही; ती मिळायला १९२२ साल उजाडले. मधली तीस वर्षे त्या स्वस्थ बसल्या नाहीत. पडद्यातल्या विधवा आणि अज्ञान वारस ह्यांच्या मालमत्ता दिवाणजी आणि भाऊबंद गिळतात, आणि पुरुष वकिलासमोर त्या स्त्रिया येऊ शकत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या सल्लागार म्हणून त्यांनी अशा शेकडो स्त्रियांची कामे पाहिली. राजकारणात त्या इंग्रजी राज्याच्या बाजूच्या होत्या आणि स्वातंत्र्याच्या चळवळीला त्यांनी विरोध केला, हेही सांगितले पाहिजे. परदेशचे शिक्षण माणसाला आपोआप आपल्या बाजूचे करीत नाही. तरी पडद्याआडचा प्रश्न त्या घरून घेऊन गेल्या होत्या, म्हणून त्या कामात त्यांचा कायदा खरा ठरला.

दुसरे उदाहरण आपणा सर्वांच्या परिचयाचे. पण त्यातले व्यवहाराचे तपशील आपण विसरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीच्या बदल्यात परत येऊन दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. १९१६ साली ते लंडनला आले. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. वर्ष भरले नाही तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले. तेथे शिपाई कागद लांबून फेकीत आणि राहायला जागा मिळेना. ज्या करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या होत्या, तो करार एका खोलीवाचून मोडला.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आणि नवल भाथेना ह्या पारशी मित्राने मदत केली. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. मध्यंतरी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदविले होते. पोटाला चिमटा घेऊन ते ग्रंथालयात दिवस काढीत, असे चरित्रकार सांगतात. ज्या संस्थेची पहिली अट पंक्तीला बसून जेवण्याची, तिचा हा विद्यार्थी इतर दिवशी अर्धपोटी! १९२३ साली परतल्यावर सनद घेऊन त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली.

आम्हा कामगारांना त्या बॅरिस्टरीचा उपयोग कोठे झाला? १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. त्यात संपावर बंधने होती आणि शिक्षाही होती. विधिमंडळात बाबासाहेबांनी मांडलेल्या विचाराचे सार असे की, काम सोडल्याबद्दल माणसाला शिक्षा करणे म्हणजे त्याला गुलाम करणे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी ह्या विधेयकाविरुद्ध संप झाला. त्यात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि साम्यवादी कामगार नेते एकत्र उभे राहिले. विधेयक संमत झालेच. पण पुढे तेच व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ साली कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. लंडनला जाण्याआधीच गुलामगिरीचा प्रश्न त्यांच्या अंगावर लिहिलेला होता. लंडनने त्यांना त्याचे कलम कसे लिहावयाचे ते शिकविले.

आता माणसे बाजूला ठेवून कायद्याचाच प्रवास पाहू. १९०० साली वेल्समधल्या टॅफ व्हेल रेल्वेवर संप झाला. कंपनीने संघटनेवरच नुकसानीचा दावा लावला, आणि १९०१ साली लॉर्ड्सच्या सभागृहाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. संघटनेला २३,००० पौंड भरपाई द्यावी लागली. संप केला की संघटना कफल्लक, असा त्याचा अर्थ. तेथल्या कामगारांनी निवडणुकीतून दबाव आणला आणि १९०६ च्या कायद्याने संघटनांना अशा दाव्यांपासून संरक्षण मिळाले.

हीच पाळी आपल्याकडे मद्रासेत आली. बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या तंट्यात संघटनेचे पुढारी बी. पी. वाडिया ह्यांच्यावर दावा झाला आणि न्यायालयाने त्यांना मनाई केली. तेव्हा १९२१ साली ना. म. जोशी ह्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात संघटनांच्या कायद्याची मागणी मांडली. मुंबईत १९२० साली आयटक स्थापन करण्यात पुढे असलेले माझगावचे काका बॅप्टिस्टा हेही केंब्रिजला शिकलेले बॅरिस्टर होते, हे लक्षात घ्यावे. १९२६ साली भारताचा ट्रेड युनियन कायदा झाला. त्याच्या १७ व्या आणि १८ व्या कलमांनी नोंदलेल्या संघटनेला फौजदारी आणि दिवाणी संरक्षण दिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. पण जवळजवळ शंभर वर्षे आम्ही गेटवर उभे राहून घोषणा दिल्या, त्या वेल्समधल्या रेल्वे कामगारांनी सोसलेल्या दंडाच्या आधारावर. हे ज्या दिवशी आम्हाला उमगले, त्या दिवशी टपरीवरच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले.

उरलेले निम्मे त्या मुलीनेच दिले. ती कचेरीत आली तेव्हा आम्ही विचारले, "तू तिकडचीच होऊन राहणार नाहीस कशावरून?"

ती म्हणाली, "काका, मी तिकडची पदवी घ्यायला जातच नाही. एक सत्र तिकडे शिकायचं, त्याचे गुण इथल्या पदवीत धरतात. परीक्षा संपवायला मला इथं यावंच लागतं. आणि तिकडची मुलंही आमच्याकडे येतात. तुम्ही सांगा, तिकडे काय बघून येऊ?"

जुना बॅरिस्टर तेथला होऊन परते. ही येथली राहून जाणार होती. देवाणघेवाणीच्या शिक्षणातला हा फरक मोठा आहे. आणि काय बघून येऊ, हे आम्हाला विचारणारा कायद्याचा विद्यार्थी आम्हाला आजवर भेटला नव्हता.

कार्यकारिणी पुन्हा बसली. मदतनिधीतून बिनव्याजी उसने पैसे द्यावयाचे आणि नोकरी लागल्यावर तिने ते हप्त्यांनी फेडावयाचे, असे ठरले. कोणी सुचविले की परत येण्याचा करार लिहून घ्यावा. आम्ही बडोद्याची हकीकत सांगितली आणि म्हटले, करार नको, प्रश्न देऊ. तो प्रश्न असा. यंत्रमागाच्या धंद्यात काही ठिकाणी एकाच छपराखाली, एकाच मालकाचे माग, आणि दारावर पाट्या मात्र तीन नावांच्या. प्रत्येक पाटीखाली माणसे थोडी दाखविली की वीस कामगारांचा आकडा भरत नाही आणि भविष्य निर्वाह निधी चुकतो. ह्याला तिकडे काय उपाय आहे?

सहा महिन्यांनी ती परतली, ती चार पानांचे टिपण घेऊन. जर्मनीत पाच कायम कामगार असले तरी कारखान्यात कामगारांचे निवडलेले मंडळ स्थापता येते. आणि अनेक कंपन्या मिळून एकाच जागी यंत्रे आणि माणसे एकत्र वापरीत असतील, तर त्या सर्वांचा मिळून एकच कारखाना धरण्याची तरतूद तेथल्या कायद्यात आहे. इतके लिहून खाली तिने आणखी एक ओळ लिहिली होती की, आपल्या १९५२ च्या निधी कायद्यातले २अ हे कलम पाहावे. शाखा आणि विभाग वेगळे असले तरी आस्थापना एकच मानावी, असे ते कलम सांगते.

ते पुस्तक आमच्या कचेरीच्या कपाटात कैक वर्षे होते. ह्या अंगाने आम्ही ते कधी वाचले नव्हते. परक्याचे घर पाहून आल्यावर आपल्या घरातली बंद खिडकी दिसावी, तसे झाले. त्या आधारावर आम्ही अर्ज केला आहे. पाट्या एका मालकाच्या आहेत हे हजेरीपत्रकांवरून आणि वीजबिलांवरून शाबीत करावे लागणार. ते काम जर्मनीत होत नाही, ते एमआयडीसीतच करावे लागते. निर्णय अजून लागायचा आहे, म्हणून जिंकल्याची भाषा आम्ही करीत नाही.

तिच्या वडिलांना मात्र आता उत्तर देता येते. तिकडचा कायदा येथे लागू होत नाही, हे खरे. पण येथला प्रश्न बरोबर घेऊन जो तिकडे जातो, त्याला येथला कायदा नीट वाचता येतो. आपल्यापैकी ज्यांची मुले उद्या जातील, त्यांनी शिदोरीबरोबर एक प्रश्नही बांधून द्यावा. पहिला हप्ता गेल्या महिन्यात निधीत जमा झाला आहे, हे सांगून आम्ही आपली रजा घेतो.