यादी कोणाची? : 'फ्री बेसिक्स'च्या वादाकडे मागे वळून पाहताना

२८ डिसेंबर २०१५ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्या लेखात महाराष्ट्रातला एक शेतकरी होता. 'फ्री बेसिक्स' या मोफत सेवेमुळे त्याला हवामानाचा अंदाज कळू लागला, शेतमालाचे भाव कळू लागले, आणि आता तो नवी पिके व जनावरे यांत पैसा घालतो आहे, असे तिथे सांगितले होते. अशा माणसाला आंतरजाल मिळण्याला कोणाचा विरोध असू शकेल, असा लेखाचा रोख होता. ग्रंथालये, सरकारी दवाखाने, सरकारी शाळा या साऱ्या मूलभूत मोफत सेवाच आहेत, तशीच ही एक, अशी तुलनाही लेखकाने केली होती.

आम्ही पेशाने मराठीचे शिक्षक. तंत्रज्ञानाच्या बातम्या आम्ही वाचतो त्या एका कानाने ऐकल्यासारख्या. परंतु या लेखाने आम्हांला थांबवले. महाराष्ट्राच्या शेतकऱ्याच्या नावाने बोलण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे आणि तिच्या टोकाला जोतीराव फुले उभे आहेत. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ भरलेल्या समारंभाला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले होते. तिथे शेतकऱ्याचे रूप सत्तेला अडचणीत आणण्यासाठी वापरले गेले होते. २०१५ साली तेच रूप एका परदेशी कंपनीच्या बाजूने साक्ष द्यायला उभे केले गेले. ही तुलना ओढूनताणून आणलेली वाटेल, वाटो. आमच्या मनात त्या सकाळी आली ती हीच.

आधी थोडी पार्श्वभूमी. १० फेब्रुवारी २०१५ रोजी फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने 'इंटरनेट डॉट ऑर्ग' ही सेवा भारतात सुरू केली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. ग्राहकाने विदेचे, म्हणजे डेटाचे, पैसे भरायचे नाहीत. मात्र त्याला दिसणार ती तीसपस्तीस निवडक संकेतस्थळे आणि अर्थातच फेसबुक. शोधयंत्र म्हणून त्यात बिंग होते, गूगल नव्हते. रिलायन्सची ज्योतिष सेवाही होती, याची आम्हांला अजून गंमत वाटते. एप्रिलमध्ये एअरटेलने 'एअरटेल झिरो' ही योजना पुढे आणली. तिच्यात विदेचा खर्च संकेतस्थळाच्या मालकाने सोसायचा होता. म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याचे दुकान ग्राहकाला फुकट, आणि नवख्याच्या दुकानात शिरायला मात्र तिकीट.

याला विरोध करणारे तत्त्व 'नेट न्यूट्रॅलिटी' या नावाने ओळखले जाते. टिम वू या अमेरिकी कायदेपंडिताने २००३ साली हा शब्द रूढ केला. तारेच्या मालकाने तारेतून काय जाते यावरून भेदभाव करू नये, एवढाच त्याचा गाभा. कल्पना मात्र जुनी आहे. १ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानात पाव तोळ्याच्या पत्राला, अंतर कितीही असो, अर्धा आणा असा एकच दर लागू झाला. पत्र कोणी लिहिले आणि आत काय लिहिले, यावर तो दर ठरत नसे. तारखात्यात जादा पैसे भरून 'अर्जंट' तार करता येई, हे खरे. पण ती सोय पैसे भरणाऱ्या कोणालाही होती. तारखात्याने काही निवडक व्यापाऱ्यांच्या तारा फुकट पोचवल्या असत्या, तर बाकीच्या व्यापाऱ्यांचे काय झाले असते याची कल्पना करून पाहावी.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २७ मार्च २०१५ रोजी ११८ पानांचे एक सल्लापत्र काढले. त्यात २० प्रश्न होते. इतके रूक्ष दस्तऐवज सहसा वकील आणि कंपन्यांचे प्रतिनिधी सोडून कोणी वाचत नाही. या वेळी मात्र काही स्वयंसेवकांनी त्याचा सोपा गोषवारा केला, वीसही प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवली, आणि मुंबईच्या 'एआयबी' या विनोदी मंडळींनी ११ एप्रिलला त्यावर एक चित्रफीत काढली. पाहता पाहता दहा लाखांहून अधिक ईमेल ट्रायकडे गेल्या. फ्लिपकार्टने 'एअरटेल झिरो'तून आणि क्लियरट्रिपने 'इंटरनेट डॉट ऑर्ग'मधून अंग काढून घेतले. ट्रायने आलेल्या ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट जाहीर करून टाकल्या, तेव्हा लोकांचा खाजगीपणा हाही नियामकाने सांभाळायचा विषय असतो हे त्या निमित्ताने समजले.

त्या दहा लाखांत आमचीही एक ईमेल होती. ती आम्ही पूर्ण वाचली नव्हती, हे कबूल केले पाहिजे. स्टाफरूममध्ये एका तरुण सहकाऱ्याने तयार मजकूर दाखवला, बाजू पटली, कळ दाबली.

त्यामुळे डिसेंबरात आमची पंचाईत झाली. 'इंटरनेट डॉट ऑर्ग'चे सप्टेंबरात 'फ्री बेसिक्स' असे नामांतर झाले होते. ९ डिसेंबरला ट्रायने, संकेतस्थळानुसार वेगवेगळे दर लावू द्यावेत का, याविषयी दुसरे सल्लापत्र काढले. फेसबुकने वृत्तपत्रांत पानपानभर जाहिराती दिल्या आणि भारतातल्या आपल्या सदस्यांना एक कळ दाखवली. ती दाबली की 'फ्री बेसिक्स'च्या पाठिंब्याचे तयार पत्र ट्रायकडे रवाना होई. आमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांनी ती दाबली. गरिबांना फुकट काही मिळत असेल तर मिळू द्यावे, इतका सरळ त्यांचा विचार. न वाचता सही करू नये असे आम्ही सांगू लागलो, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, एप्रिलमध्ये तुम्हीसुद्धा तयार पत्रच पाठवलं होतं ना?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या तासाला देता आले नाही. ते जानेवारी २०१६ मध्ये ट्रायनेच फेसबुकला लिहिलेल्या पत्रातून मिळाले. ट्रायने चार नेमके प्रश्न विचारले होते. आलेल्या लक्षावधी पत्रांत 'फ्री बेसिक्स'चा जयघोष होता, त्या चार प्रश्नांची उत्तरे नव्हती. विचारविनिमयाचे रूपांतर घडवून आणलेल्या मतमोजणीत केले जात आहे, अशा आशयाचे कडक शब्द नियामकाने वापरले. एप्रिलच्या तयार पत्रात निदान वीस प्रश्नांची वीस उत्तरे होती. ती आमची नव्हती, उसनी होती. पण प्रश्नांचीच होती. फरक एवढाच, आणि आमच्या मते तो पुरेसा आहे. तरी आमचा विद्यार्थी पूर्णपणे चुकला होता असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्णय आला. मजकुरानुसार वेगळे दर लावण्यास मनाई, उल्लंघनासाठी दिवसाला ५०,००० रुपये, कमाल ५० लाखांपर्यंत दंड, आणीबाणीच्या सेवांना सवलत. सोबतच्या टिपणातला एक मुद्दा आम्हांला फार मोलाचा वाटतो. देशातले बहुसंख्य लोक अजून आंतरजालावर आलेलेच नाहीत. अशा वेळी त्यांनी काय पाहायचे हे कंपन्यांना ठरवू देणे म्हणजे त्यांच्या आंतरजालाचा आकारच कंपन्यांच्या हाती देणे होय, असे ते म्हणणे आहे. ग्रंथालयाच्या तुलनेचे उत्तरही यातच आहे. ग्रंथालयात पुस्तके निवडलेलीच असतात, पण त्या निवडीवर प्रकाशकाची मालकी नसते, आणि बाजूचे पुस्तकांचे दुकान बंद पाडण्यात ग्रंथपालाला काही मिळत नाही.

दुसऱ्याच दिवशी फेसबुकच्या संचालक मंडळावरील मार्क अँड्रीसन यांनी, वसाहतवादाला विरोध करून भारतीयांचे दशकानुदशके आर्थिक नुकसान झाले, अशा अर्थाचे ट्वीट केले. पुढे त्यांनी ते काढून टाकले, माफी मागितली. झुकरबर्ग यांनीही हात झटकले. वादात जे कोणी उघड बोलत नव्हते ते त्या एका वाक्याने बोलून टाकले होते. 'फ्री बेसिक्स' भारतातून बंद झाले.

आता त्या शेतकऱ्याकडे यावे. त्याच्या बाजूने कंपनी बोलली आणि त्याच्या खऱ्या हिताच्या नावाने विरोधकही बोलले. बोलणे मुख्यतः इंग्रजीत झाले. तुकड्यातले आंतरजाल नको, सगळे द्या, असे आम्ही शहरातून म्हणालो, पण 'सगळे' त्याच्या हाती कसे पडणार याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. फुकटाला नकार देणे ज्याच्या घरी जोडणी आहे त्याला सोपे असते. हे उत्तर ५ सप्टेंबर २०१६ रोजी बाजारातून आले. धाकट्या अंबानींच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सने 'फ्री बेसिक्स' चालवले होते. थोरल्या अंबानींच्या जिओने प्रारंभीचे काही महिने सगळेच आंतरजाल फुकट दिले, आणि विदेचे दर कोसळले. त्या पडझडीत रिलायन्स कम्युनिकेशन्सची भ्रमणध्वनी सेवाच २०१७ अखेर आटोपली. तटस्थतेच्या लढाईमुळे स्वस्ताई आली असे म्हणणे खोटे ठरेल. मात्र स्वस्ताई आली तेव्हा तिच्यातून यादी डोकावत नव्हती, याचे श्रेय त्या नियमाला द्यावे लागेल.

२०१८ साली दूरसंचार विभागाने तटस्थतेचे तत्त्व अधिक व्यापक रूपात मान्य केले. नंतरच्या काळात, मोठ्या संकेतस्थळांनी जाळ्याच्या खर्चाचा वाटा उचलावा, अशी मागणी दूरसंचार कंपन्यांनी लावून धरली. म्हणजे जुनाच प्रश्न दुसऱ्या दाराने आला.

आम्हांला अस्वस्थ करते ती मात्र वेगळीच गोष्ट. कंपनीने यादी करू नये असे आपण २०१६ मध्ये ठरवले. ऑगस्ट २०१९ पासून जम्मू-काश्मीरमध्ये आंतरजाल बंद होते. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात, बेमुदत बंदी चालणार नाही, असा निकाल दिला. त्यानंतर तेथील प्रशासनाने टूजीच्या वेगाने पाहता येतील अशा संकेतस्थळांची यादी काढली. प्रथम १५३, मग ३०१. त्या वेळी दहा लाख ईमेल कोणी पाठवल्या नाहीत, आम्हीही नाही. समाजमाध्यमांना त्या यादीत जागा नव्हती, म्हणजे फेसबुकही नव्हते.