साहेबाच्या देशातल्या कष्टकरी बायका



आपल्याकडे विलायती चिंच असते, विलायती बाभूळ असते. ही चिंच मुळात मेक्सिकोकडची. विलायतेशी तिचा काही संबंध नाही. पण बाहेरून आलं ते विलायती, असं आपल्या आजी-पणजीच्या काळी ठरूनच गेलं होतं. कारण तेव्हा बाहेरचा देश म्हणजे एकच, साहेबाचा देश. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि १९४७ मध्ये आपल्याला स्वातंत्र्य मिळालं. मधली १२९ वर्षं या साहेबानं आपल्या मुलखावर राज्य केलं.

साहेब म्हटलं की डोळ्यांपुढे टोपी येते, घोडा येतो, कलेक्टरचा बंगला येतो. पण त्याच्या देशात सगळेच बंगल्यात राहत होते का? तिथं धुणं कोण धूत होतं? गिरणीत कोण राबत होतं? घरातला पैसा कोणाच्या हातात होता? आज आपण साहेबाचा देश तिथल्या कष्टकरी बायकांच्या बाजूनं बघणार आहोत.

एक राज्य, चार देश

ब्रिटन हे युरोपच्या वायव्येला समुद्रातलं एक मोठं बेट. त्यावर इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड असे तीन देश आहेत. शेजारच्या आयर्लंड बेटाचा उत्तरेकडचा भागही त्यांच्याच राज्यात आहे. चौघांचं मिळून जे राज्य झालं, त्याचं नाव युनायटेड किंग्डम. आपण सगळ्यांना सरसकट इंग्रज म्हणतो. पण स्कॉटलंडच्या माणसाला इंग्रज म्हटलेलं आवडत नाही. कोकणातल्या माणसाला वऱ्हाडी म्हटलं तर तो जसा लगेच दुरुस्त करेल, तसंच ते.

एवढ्या मोठ्या साम्राज्याचा मालक, तेव्हा देशही मोठा असेल असं वाटतं. प्रत्यक्षात हे सगळं राज्य आपल्या महाराष्ट्रापेक्षा लहान आहे. पाऊस तिथं आपल्यासारखा चार महिने कोसळून थांबत नाही, बाराही महिने थोडा थोडा पडत राहतो. म्हणून गवत वर्षभर हिरवं, आणि म्हणून मेंढ्या, गाई, लोकर, दूध भरपूर. शेतात गहू, बार्ली, ओट आणि बटाटा. हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो आणि उन्हाळ्यात रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो.

वेल्स देशाची वेल्श ही स्वतंत्र भाषा आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. दुसरं मूल वेल्श बोलताना सापडलं की तुकडा त्याच्या गळ्यात जायचा. शाळा सुटताना तो ज्याच्या गळ्यात असेल त्याला शिक्षा. म्हणजे इंग्रजीचा धाक काही फक्त आपल्यालाच दाखवला गेला नाही. घराशेजारच्या पोरांनीही तो सोसला. आज त्याच वेल्शला वेल्समध्ये सरकारी भाषेचा दर्जा आहे.

आंदणात आलेली मुंबई

ब्रिटिश माणूस आणि चहा यांची जोडी सगळ्यांना ठाऊक आहे. चहा मुळात चीनचा. इंग्लंडच्या दरबारात तो रुळवण्याचं श्रेय पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिला देतात. १६६२ मध्ये तिचं लग्न इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी झालं. या लग्नात पोर्तुगालनं राजाला जे आंदण दिलं, त्यात आपली मुंबईची बेटं होती! पुढे १६६८ मध्ये राजानं ती वर्षाला १० पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. देणारा एक, घेणारा दुसरा. इथल्या कोळणींना, आगरी बायकांना कोणी विचारलं नाही, आणि नवरीलाही कोणी विचारलं नसावं.

पुढे चहा झोपडीपर्यंत पोहोचला. उत्तर इंग्लंडमध्ये अजूनही कष्टकरी घरांत संध्याकाळच्या जेवणालाच 'टी' म्हणतात. त्या चहातली साखर वेस्ट इंडीजच्या बेटांवर गुलामांच्या कष्टातून येत होती. हे कळल्यावर १७९१ पासून हजारो ब्रिटिश घरांनी ती साखर घेणं सोडलं. स्वयंपाकघर बायकांच्या ताब्यात होतं, त्यामुळे हा बहिष्कार मुख्यतः त्यांनीच चालवला. मताचा अधिकार नव्हता, पण घरात काय येणार हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी वापरला.

गायरान गेलं, गिरणी आली

इंग्लंडच्या खेड्यांतही आपल्यासारखी गायरानं होती. गरिबाची गाय तिथं चरायची, बाया सरपण आणायच्या. सुगी झाली की शेतात सरवा वेचायच्या. मग मोठ्या जमीनदारांनी पार्लमेंटमधून कायदे करून या सामाईक जमिनींना कुंपणं घातली. साधारण १७५० ते १८५० या शंभर वर्षांत असे हजारो कायदे झाले. गाय गेली, सरपण गेलं. त्याच काळात सूत कातायची यंत्रं आली आणि घरच्या चरख्याची कमाईही गेली.

उत्तरेकडच्या लँकेशायर भागात कापडगिरण्या उभ्या राहिल्या. त्यांत बाया आणि लहान मुलं मोठ्या संख्येनं कामाला लागली, कारण त्यांना मजुरी कमी द्यावी लागायची. कोळशाच्या खाणीत बाया जमिनीखाली गाड्या ओढायच्या. ते १८४२ च्या कायद्यानं बंद झालं. १८४७ मध्ये गिरणीतल्या बायकांचा आणि मुलांचा दिवस दहा तासांवर आणला गेला. हे काही कोणी दयेनं दिलं नाही. त्यासाठी कामगारांनी वर्षानुवर्षं सभा घेतल्या, अर्ज केले, संप केले.

या गिरण्यांचा धागा आपल्याशीही जोडलेला आहे. लँकेशायरचा कापूस बहुतेक अमेरिकेतून यायचा. तिथं १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं आणि कापूस थांबला. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या, घराघरात उपासमार झाली. इकडे वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि युद्ध संपताच तो कोसळला. तिथल्या यंत्राच्या स्वस्त कापडानं आपल्या विणकरांचे माग बसले, हेही विसरता येत नाही. म्हणजे तिथल्या बाईच्या मजुरीत आपल्या विणकरणीचं नुकसान मिसळलेलं होतं, आणि त्या दोघींना एकमेकींचं नावही माहीत नव्हतं.

पगार तिचा, मालकी नवऱ्याची

आता पैशाकडे येऊ. इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालं की नवरा-बायको मिळून एकच व्यक्ती मानली जायची, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. बाईनं गिरणीत बारा तास राबून मिळवलेला पगार कायद्यानं नवऱ्याचा. तिच्या बापानं दिलेला पैसा नवऱ्याचा. त्यानं तो दारूत उडवला तरी तिला दाद मागता येत नव्हती. १८७० मध्ये कायदा झाला, तेव्हा कुठे तिची कमाई तिची झाली. आणि १८८२ च्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येऊ लागली.

हाच जुना कायदा आपल्या रखमाबाईंच्या मानेवर बसला होता. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठेपणी त्यांनी नवऱ्याच्या घरी जायला नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्यानं मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. बायकोला कोर्टामार्फत नांदायला लावण्याचा हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हे, इंग्लंडच्या कायद्यातून इथं आलेला. गंमत बघा, असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची शिक्षा खुद्द इंग्लंडनं त्याच १८८४ साली रद्द केली. आणि मुंबईच्या कोर्टानं १८८७ मध्ये रखमाबाईंना सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी तडजोड झाली. पुढे त्याच इंग्लंडमध्ये, लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत शिकून त्या डॉक्टर झाल्या. एका देशाचा कायदा त्यांना कैद करायला निघाला होता, आणि त्याच देशातल्या बायकांनी लढून उभी केलेली शाळा त्यांच्या उपयोगी पडली.

दोन-दोन पेन्सांचं दुकान

गटातल्या मैत्रिणींनो, हा भाग आपल्या फार जवळचा आहे. लँकेशायरमध्ये रॉचडेल नावाचं गिरण्यांचं गाव होतं. तिथल्या कामगारांना दुकानदाराकडून उधारीवर माल घ्यावा लागायचा. मापात पाप आणि मालात भेसळ. तेव्हा काही विणकर आणि कारागीर एकत्र आले. आठवड्याला दोन-तीन पेन्स वर्गणी काढत प्रत्येकी एक पौंड जमवला. २१ डिसेंबर १८४४ ला त्यांनी दुकान उघडलं. माल किती? थोडं लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. नियम मात्र पक्के होते. माप चोख, भेसळ नाही, उधारी नाही. नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत. आणि भाग कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. बायकांनाही सभासद होता येत होतं. देशाच्या पार्लमेंटसाठी त्यांना मत नव्हतं, तेव्हा या किराणा दुकानात होतं!

जगभरच्या सहकारी संस्था आजही याच नियमांना आपलं मूळ मानतात.

१८८३ मध्ये या दुकानांतून खरेदी करणाऱ्या बायकांनी आपला स्वतंत्र संघ काढला, विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड. मार्गारेट ल्यूएलिन डेव्हिस या बाईंनी १८८९ पासून ३० वर्षांहून जास्त त्याचं काम पाहिलं. सभासद बहुतेक कामगारांच्या घरच्या. सभेत बोलायचं कसं, हिशेब वाचायचा कसा, ठराव मांडायचा कसा, हे त्या तिथं शिकल्या.

त्यांची एक लढाई मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९११ मध्ये सरकारनं कामगारांसाठी विमा आणला. त्यात बाळंतपणासाठी ३० शिलिंग मिळणार होते, पण ते विमा उतरवलेल्या नवऱ्याच्या हातात. गिल्डच्या बायका म्हणाल्या, बाळंत ती होणार, मग पैसे तिच्याच हातात द्या. बऱ्याच पुरुषांना हे पटलं नाही. त्यांना तो नवऱ्यांचा अपमान वाटला. पण १९१३ मध्ये कायदा बदलला आणि ती रक्कम आईची झाली. पुढे १९१५ मध्ये गिल्डनं आपल्या सभासदांची पत्रं पुस्तकरूपानं छापली. वारंवारची बाळंतपणं, गेलेली मुलं, आदल्या दिवसापर्यंत उपसलेले कष्ट, हे सगळं बायकांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. साहेबाच्या देशातल्या घरात काय चाललंय, हे तिथल्या साहेबांनाही त्या पत्रांतून कळलं.

मत आणि दवाखाना

मताचा अधिकार सहजासहजी मिळाला नाही. बायकांनी मोर्चे काढले, तुरुंगात गेल्या, उपोषणं केली. तुरुंगात त्यांना नळी घालून जबरदस्तीनं अन्न भरवलं गेलं. त्यांच्यात पंजाबचे महाराजा दुलीपसिंग यांची मुलगी सोफिया दुलीपसिंगही होत्या. मत नाही तर कर नाही, असं म्हणून त्यांनी कर भरला नाही, तेव्हा त्यांचे दागिने जप्त करून लिलावात काढले गेले. १९१८ मध्ये तीस वर्षांवरच्या, आणि त्यातही मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांनाच मत मिळालं. पुरुषांच्या बरोबरीनं मिळालं ते १९२८ मध्ये. आपल्या राज्यघटनेनं मात्र सगळ्या बायकांना पहिल्याच दिवसापासून सारखं मत दिलं.

दवाखान्याची गोष्टही पै-पैचीच आहे. वेल्समधल्या ट्रेडेगर गावात कामगार आपल्या पगारातून दर आठवड्याला थोडे पैसे काढून डॉक्टर आणि औषधांची सोय करायचे. याच गावचा, खाणकामगाराच्या घरातला मुलगा अन्यूरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला. ५ जुलै १९४८ ला त्यानं देशभर सरकारी आरोग्यसेवा सुरू केली. उपचाराच्या वेळी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे तिचं तत्त्व. ते आजही बरंचसं टिकून आहे.

मैत्रिणींनो, १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरला गेले होते. आपल्या विदेशी कापडाच्या बहिष्काराची झळ तिथल्या कामगारांना लागली होती. तरी गिरणीतल्या बायकांनी त्यांचं हसून, हात उंचावून स्वागत केलं. तो फोटो आजही बघायला मिळतो. राज्य करणारा साहेब आणि मागावर उभी राहणारी बाई, दोघंही ब्रिटिशच. साहेबानं आपल्यावर केलेला अन्याय विसरायचा नाही. पण त्या बाईकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

या भागावर गटाच्या पुढच्या बैठकीत बोला. आपल्या नावावर घेतलेल्या कर्जाचे पैसे कोणाच्या हातात जातात? घराच्या उताऱ्यावर, सातबाऱ्यावर आपलं नाव आहे का? नसेल, तर ते लावायला तलाठ्याकडे आधी कोण जाणार?