वास्कोहून धनकवडीला

मुरगाव बंदर मागे टाकून वास्कोच्या स्टेशनात गाडीत बसा. साल 1993 धरा. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला अजून पाच वर्षं आहेत. तेव्हा दूधसागरचा घाट चढून, लोंढा-मिरज करत, वाटेत मीटरगेज सोडून ब्रॉडगेजच्या डब्यात शिरायचं आणि अंग आंबलेल्या अवस्थेत पुण्यात उतरायचं.

समोर लुना, स्कूटर, एसटीडीच्या पिवळ्या पाट्या. अमेरिकेने महासंगणक द्यायला नकार दिला, म्हणून इथल्या सी-डॅक या संस्थेने दोन वर्षांपूर्वी, 1991 मध्ये, ‘परम 8000’ स्वतःच उभा केला. शहराला त्याचा कोण अभिमान! पण घरात संगणक? छे. तो बँकेत, नाहीतर क्लासमध्ये, काचेच्या दारामागे एसीत बसलेला. चपला बाहेर काढल्याशिवाय तुम्हालाही आत सोडणार नाहीत. (चपलांनी तो बिघडतो हे कुणी ठरवलं, देव जाणे.)

याच सुमारास पुण्यातल्या नारखेड्यांच्या घरी, पुढे ‘काफ्का’ घडवणाऱ्या पण तेव्हा शाळकरी असलेल्या नेहासाठी संगणक येतो. वडील तिला इंदिरा गांधी, किरण बेदी यांच्यासारख्या बायकांच्या गोष्टीही ऐकवतात. मला विचाराल तर यंत्राइतकंच श्रेय त्या गोष्टींना द्यायला हवं. पुढे आपल्याकडे घरोघरी संगणक आले, पण खुर्चीत दादा बसायचा आणि ताई मागे उभी राहून ‘मला बघू दे ना’ म्हणायची. तुमच्या घरात वेगळं होतं?

आता दहाएक वर्षं ओलांडा आणि धनकवडीला या. 1983 साली सुरू झालेलं पीआयसीटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय. जर्नलवर सही घ्यायला रांग, सबमिशनची जागरणं, ओरलला परीक्षक कोण येणार याची धास्ती आणि मध्येच अमृततुल्यचा चहा. नेहा नारखेडे इथेच संगणक अभियांत्रिकी शिकते. तुम्ही-आम्ही ज्या धबडग्यातून पदवी काढतो, तोच धबडगा.

2006 मध्ये ती जॉर्जिया टेकला एमएस करायला अटलांटाला जाते. पुढे लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स आणि जुन राव यांच्यासोबत ‘काफ्का’ हे सतत येणारा डेटा इकडून तिकडे पोचवणारं सॉफ्टवेअर घडवते, आणि 2011 मध्ये ते सर्वांसाठी खुलं होतं. बंदरावरच्या नोंदवहीसारखं समजा. प्रत्येक नवी नोंद शेवटी पडते, आधीची कुणी खोडत नाही, आणि वाचणारा प्रत्येक विभाग आपण कुठवर वाचलं याची खूण आपली आपण ठेवतो. त्यामुळे लिहिणाऱ्याला वाचणाऱ्यांसाठी थांबावं लागत नाही. ‘काफ्का’च्या वेगाचं बरंचसं गुपित इथे आहे.

पुण्यातून निघण्यापूर्वी भिडेवाडा होता त्या जागेवरून या. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली ती इथे. नेहा शिकली तेव्हा तिला पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं नाव नुसतं ‘पुणे विद्यापीठ’ होतं. त्याला सावित्रीबाईंचं नाव मिळालं 2014 मध्ये, आणि त्याच वर्षी नेहाने ‘काफ्का’च्या त्या दोन सहकाऱ्यांसह ‘कॉन्फ्लुएंट’ ही कंपनी स्थापन केली.