कुंपणाआडचे चलन

दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या अखेरीस उत्तर आफ्रिकेत शरण आलेल्या इटालियन सैनिकांपैकी हजारो युद्धकैदी हिंदुस्थानात आणले गेले. भोपाळनजीक बैरागढ येथे त्यांची मोठी छावणी होती. हिंदुस्थानातील अशा छावण्यांत सरकारी नोटांऐवजी आणे-रुपयांची छापील कूपने चालत.

१९२९ च्या जिनिव्हा कराराने कैद्याजवळील रोख रकमेस मर्यादा घालण्याची तरतूद केली होती; जादा रक्कम त्याच्या खात्यावर नोंदविणे बंधनकारक होते. कूपनांमागील हेतू उघड होता. खरा रुपया हाती असता पहारेकऱ्यास फितविता आले असते, पळून जाताना रेल्वेचे तिकीट काढता आले असते. कूपन मात्र छावणीच्या कॅन्टीनबाहेर निव्वळ कागद ठरे. तथापि त्याच कागदामुळे साबण घ्यावा की सिगारेट, एवढी निवड तरी कैद्याच्या हाती उरली. मोकळ्या माणसाला जग खुले करणारे चलन येथे कुंपणाचाच एक भाग बनले होते.

फाळणीनंतर बैरागढच्या बराकींत सिंधी निर्वासितांनी आसरा घेतला. १९५६ साली भोपाळ आणि पांढुर्णा-सौंसर एकाच राज्यात आले. त्यामुळे कुंपणाआडच्या या कागदी आण्याची कथा येथील वाचकांस परकी राहत नाही. ती त्यांच्याच मध्य प्रदेशाच्या इतिहासातील एक पान होय.