भिंतीवरची मिस्सा

जुने गोवे येथील संत फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच फ्रान्सिसची शिष्या संत क्लारा. १२५२ सालच्या नाताळच्या रात्री ती इटलीत सान दामियानोच्या मठात आजारी पडून होती. इतर भगिनी प्रार्थनेला गेल्या, ती एकटीच मागे राहिली. तेव्हा असिसीतल्या फ्रान्सिसच्या चर्चमधली प्रार्थना तिला अंथरुणावरूनच ऐकू आली, दिसली, असे सांगतात. एवढ्यावरून पोप पायस बारावे यांनी १९५८ मध्ये तिला टेलिव्हिजनची आश्रयदाती संत ठरवले!

तोवर ही दूरची मिस्सा खरोखरच अवतरली होती. मार्कोनीने उभारलेला व्हॅटिकन रेडिओ १९३१ मध्ये सुरू झाला. १९४८ च्या नाताळात पॅरिसच्या नोत्र दाममधली मध्यरात्रीची मिस्सा टीव्हीवर दिसली. पण याच पोपनी १९५७ च्या परिपत्रकात बजावले होते, पडद्यावर मिस्सा पाहणे म्हणजे तिथे हजर राहणे नव्हे. आजाऱ्यांना तो आधार, धडधाकटांना सवलत नाही.

आपल्याला हे समजणे कठीण नाही. देवाचे दर्शन टीव्हीवर होते, तीर्थप्रसादासाठी मात्र हातच पुढे करावा लागतो. त्यांचा कुमगारही तसाच.

२०२० च्या टाळेबंदीत गोव्यातली चर्चेस बंद झाली, मिस्सा मोबाइलवर आली आणि धडधाकट माणसेही क्लाराच्या जागी जाऊन बसली. पुढे दारे उघडली, ती परतली. अंथरुणाला खिळलेले तिथेच राहिले. त्यांचा मोबाइल चालू असेलही, पण कुमगार घेऊन कुणीतरी त्यांच्या दारी जायलाच हवे.